घोस्टला पकडलं ते बरंच झालं

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा तो व्हिडिओ पुन्हा फिरून आला. नेवाडाचं वाळवंट, त्यात करड्या-तपकिरी कोयोटींचा, म्हणजे अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या जनावरांचा घोळका, आणि त्यांच्या मधोमध दुडकत चाललेला एक पांढराशुभ्र कुत्रा. खाली मावशीने लिहिलं, "बघा, शेवटी रक्त ते रक्तच." तिच्याखाली चुलतभावाने नुसतं "स्वातंत्र्य!!" आणि तीन बदाम. मी दोनदा उत्तर टाइप केलं, दोनदा पुसलं. ग्रुपवर एवढं लांबलचक लिहिलं की लोक म्यूट करतात. म्हणून इथे लिहितेय. मावशी, तू वाचशीलच. राग मानू नकोस.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लास व्हेगासला लागून हेंडरसन नावाचं शहर आहे. तिथे बंगल्यांच्या रांगा संपतात आणि एकदम वाळवंट सुरू होतं. त्या कडेवर काही महिने हा कुत्रा कोयोटींबरोबर दिसत होता. फिरायचा त्यांच्याबरोबर, खेळायचा त्यांच्याबरोबर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं घोस्ट. पुढे तो लंगडताना दिसू लागला, तेव्हा भटकी आणि हरवलेली जनावरं पकडणाऱ्या स्वयंसेवकांनी पिंजरा लावला आणि २०२४ च्या सुरुवातीला त्याला धरलं. दवाखाना झाला, उपचार झाले. मग एका कुटुंबाने तो आमचाच हरवलेला कुत्रा म्हणून हक्क सांगितला, त्यावरून वाद झाला. त्या वादात मला पडायचं नाही.

मला बोलायचंय ते त्याला पकडल्यावर जी रडारड झाली तिच्याबद्दल. एक गट म्हणत होता, बिचाऱ्याला वाचवलं. दुसरा म्हणत होता, बिचाऱ्याला त्याच्या घरच्यांपासून तोडलं. दुसरा गट मोठा होता आणि त्यांचे व्हिडिओ जास्त चांगले होते, मागे पियानो वगैरे. माझं मत पहिल्या गटाकडे झुकतं, पण त्यांच्या कारणासाठी नाही. दोन्ही गट कुत्र्याबद्दलच बोलत होते. कोयोटींचं काय, असं विचारणारा माणूस मला तरी शोधावा लागला.

मी अ‍ॅरिझोनात चँडलरला राहते, बारा वर्षं झाली. आमच्याकडे बाब्या आहे, शेल्टरमधून आणलेला, अठ्ठावीस किलोंचा, जातीचा पत्ता नसलेला. रोज पहाटे आम्ही कालव्याच्या कडेने फिरतो. दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. कालव्याच्या पलीकडे एक कोयोटी उभा होता, आमच्याकडे बघत. मला वाटलं बाब्या भुंकणार. तो भुंकला नाही. त्याने पुढचे पाय पसरले, ढुंगण वर केलं, शेपूट अशी हलवली की पट्टा थरथरत होता. कुत्र्यांच्या भाषेत हे "खेळतोस का?" पलीकडचा जरा वेळ बघत राहिला आणि चक्क खाली बसला. मग त्याच्यामागच्या झुडपातून दुसरा निघाला. मी बाब्याला ओढत घरी आणलं. घरी येईपर्यंत तो दर दहा पावलांनी मागे वळून बघत होता.

त्या एका मिनिटात मला घोस्ट समजला असं मी म्हणते. रानाची ओढ, आदिम हाक, असलं काही मला तिथे दिसलं नाही. बाब्या डॉग पार्कमधल्या पूडललाही अगदी हेच विचारतो.

इथले लोक अशा वेळी सांगतात की सावध राहा, कोयोटी एकाला पुढे पाठवून कुत्र्याला भुलवतात आणि मग बाकीचे दबा धरून त्याला खातात. शेजाऱ्याने मला हे शपथेवर सांगितलं होतं. अभ्यासक याला दुजोरा देत नाहीत. होतं असं की कुत्रा मागे लागतो, कोयोटी पळतो, आणि पळणारं जनावर पळणार कुठे, तर आपल्या कळपाकडे. तिथे पोहोचल्यावर पारडं फिरतं. छोटी कुत्री आणि मांजरं ते सरळ उचलतात, ती गोष्ट खरी. पण त्यात कारस्थान काही नाही, ती भूक आहे.

नावाबद्दल एक सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये तेच चालेल. शब्द मूळचा मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेतला, कोयोट्ल. शहरातले अमेरिकन "कायोटी" म्हणतात, गुरं राखणारे "कायोट" म्हणतात. १८२३ साली थॉमस से या निसर्गअभ्यासकाने त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्याचा अर्थ भुंकणारा कुत्रा. इथले आपले लोक सरळ कोल्हा म्हणतात, आणि फारसे चुकत नाहीत. आपला कोल्हाही त्याच वंशातला, तसाच गावाच्या कडेला राहणारा, तसाच रात्री गळा काढणारा. संध्याकाळी कालव्यापलीकडे ओरडाआरडा सुरू झाला की मला आमच्या माळावरची कोल्हेकुईच आठवते. मी कोयोटी लिहितेय. चालवून घ्या.

तर कोयोटींचं काय. ज्याला आपण कळप म्हणतो तो बहुतेक वेळा एक कुटुंब असतं. नर, मादी, यंदाची पिल्लं, आणि गेल्या वर्षीची एक-दोन, जी अजून घर सोडून गेलेली नाहीत. शिकागो शहरात स्टॅनली गेर्ट आणि त्यांचे सहकारी २००० सालापासून कोयोटींवर काम करतायत. एवढ्या मोठ्या शहरात, रेल्वेच्या रुळांकडेला, गोल्फ कोर्सवर, स्मशानात राहणारे कोयोटी. त्यांनी २३६ कोयोटींचे जनुकीय नमुने तपासले, १८ वेतांतली ९६ पिल्लं तपासली, आणि त्यांना एकही लफडं सापडलं नाही. प्रत्येक पिल्लू त्याच जोडीचं. नर मादीला सोडून जात नाही, पिल्लांना खायला आणतो. आमच्या सोसायटीत तरी इतकी टक्केवारी लागेल असं वाटत नाही.

अशा घरात घोस्टला जागा कशी मिळाली? माझा अंदाज असा की तो तरुण होता, दांडगा पण निरुपद्रवी, आणि त्याला काहीच मागायचं नव्हतं. ना जागा, ना मादी, ना शिकारीतला पहिला घास. पश्चिमेकडचा कोयोटी असतो दहा-पंधरा किलोंचा. त्यापेक्षा मोठा, पण खेळकर पोरगा घरात वावरतोय, मोठी पिल्लं त्याच्याशी मस्ती करतायत, तर कशाला हाकला. पण वर्षातून एकदाच, जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, कोयोटींची मादी माजावर येते. मग साधारण नऊ आठवडे गाभण, वसंतात पिल्लं. या दिवसांत तेच घर एकदम कडक होतं. पाहुणा कितीही गोड असला तरी. घोस्टला पकडलं ते नेमके हेच दिवस होते. तो आणखी दोन महिने राहिला असता तर तोच पियानो कुठल्या दृश्यावर वाजवावा लागला असता कोण जाणे.

आता मावशीचं रक्त.

मावशी अर्धी बरोबर आहे. कुत्रा, लांडगा, कोयोटी, आपला कोल्हा, सगळ्यांची गुणसूत्रं ७८. एकमेकांत पिल्लं होऊ शकतात आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होऊ शकतात. (आपल्याकडचा कोळसुंदा, ज्याला सगळे रानकुत्रा म्हणतात, तो मात्र या घराण्यातला नाही. नाव कुत्रा, पण कुत्र्याशी सोयरीक होत नाही.) अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या कोयोटींमध्ये साधारण दहावा हिस्सा कुत्र्याचा आढळतो, लांडग्याचा त्याहून जास्त. म्हणजे पूर्वी कधीतरी घरोबा झालाच. पण कधी? लांडगे मारून संपवल्यावर विसाव्या शतकात कोयोटी पूर्वेकडे पसरत गेले, तेव्हा पुढे जाणारे मोजकेच होते आणि स्वतःच्या जातीचा जोडीदार मिळेना. मिळाला की कुत्र्याकडे बघत नाहीत. नाइलाजाची सोयरीक ती.

आणि ती पुढे टिकत का नाही याचं कारण मला फार आवडतं, कारण ते अगदी घरगुती आहे. कॅन्सस विद्यापीठात रॉबर्ट मेंगेल यांनी कुत्रा-कोयोटी संकराची पिल्लं वाढवून पाहिली, १९७१ साली त्यावर लिहिलं. त्या पिल्लांचं कॅलेंडर बिघडलेलं. कोयोटी माजावर येतात थंडीच्या अखेरीस, ही संकरित जनावरं येतात हिवाळ्याच्या तोंडावर. म्हणजे कोयोटींशी जमायचं कठीण, आणि आपसांत जमलं तर पिल्लं ऐन थंडीत. वर कुत्रा बाप म्हणून कुचकामी. कोयोटी बाप पिल्लांसाठी पोटात भरून आणतो आणि बिळापाशी ओकून देतो. कुत्र्याने हे काम हजारो वर्षांपूर्वीच माणसावर सोपवलंय. बाब्या माझ्या ताटाकडे बघतो ते याच भरवशावर. तेव्हा मावशी, रक्त एक असलं तरी पंचांग वेगळं आहे.

चुलतभावाच्या "स्वातंत्र्या"बद्दल फार बोलत नाही. नेवाडात कोयोटीला कायद्याचं संरक्षण नाही, वर्षभर शिकार चालते. केंद्र सरकारचं वाइल्डलाइफ सर्व्हिसेस नावाचं खातं देशभरात दर वर्षी साठ हजारांच्या आसपास कोयोटी मारतं, बहुतेक गुरं-मेंढ्यांच्या मालकांसाठी. हे ते स्वातंत्र्य. तीन बदाम त्यावर टाक.

आता मुद्द्याचं. घोस्टला तिथून काढणं कोयोटींसाठी गरजेचं होतं असं मला का वाटतं.

कोयोटीला या देशात कुत्रंसुद्धा विचारत नाही, असं म्हणायची पाळी होती. इथे खरोखरच एका कुत्र्याने विचारलं, आणि मग सगळ्यांनी विचारलं. ज्यांनी जन्मात कधी कोयोटीकडे शिव्या दिल्याशिवाय बघितलं नसेल ते लोक त्या घोळक्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवायला लागले. चांगलंच झालं ना? मलाही आधी तसंच वाटलं. पण प्रेम वाटलं की माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे खायला घालतो. आपण तर घालतोच, अमेरिकनही घालतात.

आमच्या कालव्यापाशी हे झालंय. पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त गृहस्थ होते, एकटे. त्यांनी एक अख्खा हिवाळा एका कोयोटी जोडीला रोज संध्याकाळी कुत्र्याचं खाणं ठेवलं. आमच्या काउंटीत हा गुन्हा आहे. पक्षी आणि खारी सोडून रानातल्या कुठल्याही जनावराला मुद्दाम खाऊ घालता येत नाही. कोण बघतंय! मलाही माहीत होतं आणि मी बोलले नाही, कारण ते फार खूश दिसायचे. त्यांनी नावं ठेवली होती दोघांची. वसंत आला तसे ते दोघे भर दुपारी लोकांच्या परसात यायला लागले, माणूस दिसला तरी हलायचे नाहीत. का हलतील? माणूस म्हणजे वाटी. मग एका घरातला छोटा कुत्रा गेला. सोसायटीची मीटिंग झाली, तिथे ते गृहस्थ मान खाली घालून बसले होते. पिंजरेवाला आला. इथे कोयोटी पकडला की तो दुसऱ्या रानात सुखाने नांदतो, हा आपला भाबडा समज. बहुतेकदा त्याला मारतातच. त्यानंतर बरेच दिवस कालवा शांत होता आणि बाब्या उगाच पलीकडे बघत उभा राहायचा. वन्यजीव खात्यातल्या लोकांची इकडे एक म्हणच आहे की ज्या कोयोटीला खाऊ घातलं तो मेलाच समजा.

आता कल्पना करा, त्या घोळक्यात एक पांढरा गोंडस कुत्रा आहे, तोही लंगडणारा. किती वाट्या बाहेर आल्या असत्या? शिवाय कुत्र्याकडून डिस्टेंपर, पार्व्हो, खरूज असे रोग त्यांच्यात जाणार आणि त्यांच्याकडून कुत्र्यात येणार. कुत्र्याला लस मिळते. बिळातल्या पिल्लांना कोण देतं?

रोमिओची गोष्ट काहींना माहीत असेल. अलास्कात जुनो शहराजवळ मेंडेनहॉल सरोवर आहे. हिवाळ्यात ते गोठतं आणि लोक त्यावर कुत्री फिरवायला नेतात. २००३ सालापासून एक काळा लांडगा तिथे यायला लागला, एकटा. तो माणसांच्या कुत्र्यांशी खेळायचा. सहा वर्षं. लोकांना तो घरचाच वाटायला लागला होता. २००९ च्या सप्टेंबरमध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला मारला. माणसापासून पळायचं असतं हे तो विसरला होता, आणि तेही माणसांनीच त्याला विसरायला लावलं होतं, अगदी प्रेमाने. यात एक चटका लावणारा तपशील आहे. त्याच वर्षी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांमधला काळा रंग मुळात पाळीव कुत्र्यांकडून आलेला आहे, हजारो वर्षांपूर्वीच्या संकरातून. म्हणजे बर्फावर कुत्र्यांची वाट बघत बसणाऱ्या त्या लांडग्याच्या अंगावर जो कोट होता, तो कुत्र्याचाच.

हे सगळं अमेरिकेतलं म्हणून सोडून देता येईल. पण मी मूळची पुरंदर तालुक्यातली. आमच्या माळावर लांडगे आहेत, अजूनही. आपल्याकडे लांडगा म्हटलं की लोकांना वाटतं घनदाट जंगल. तो राहतो सासवड, जेजुरी, बारामती, इंदापूर, सोलापूरच्या उघड्या माळांवर, धनगरांच्या वाड्यांच्या मागेमागे. भारतभर मिळून तीनेक हजार उरलेत, वाघांपेक्षा कमी. २०१४ मध्ये पुण्यातल्या ग्रासलँड्स ट्रस्टच्या लोकांना पुणे जिल्ह्यात काही विचित्र दिसणारे लांडगे आढळले. पिवळट रंग, चेहरामोहरा कुत्र्याच्या वळणाचा. पुढे बेंगळुरूच्या एट्री आणि एनसीबीएस या संस्थांतल्या संशोधकांच्या साथीने जनुकं तपासली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आला: लांडगा-कुत्रा संकर, पुराव्यानिशी.

इथे कोयोटीचं कॅलेंडरचं संरक्षण फारसं कामाला येत नाही, कारण संख्येचं गणितच वेगळं आहे. कुत्री अगणित, लांडगे मूठभर. जोडीदार मिळेना की नाइलाजाची सोयरीक, वर सांगितली तीच. कोयोटी अख्ख्या खंडभर पसरलेला, चिवट, त्याच्यात दहावा हिस्सा कुत्रा मिसळला तरी तो कोयोटीच राहिला. आपला लांडगा एवढं पचवू शकेल का, याची मला भीती वाटते. रोगांचंही तेच. सोलापूरजवळ नान्नजच्या माळरानात गावकुत्री आणि खोकड (कोल्ह्याहून लहान रानजनावर) दोघांचीही तपासणी झालीय, दोघांतही डिस्टेंपर-पार्व्होच्या संसर्गाच्या खुणा सापडल्या.

आणि तरी आपण कुत्र्याच्या विरोधात बोलू शकत नाही, हेही मला कळतं. आमचं कुलदैवत खंडोबा. जेजुरीच्या देवाबरोबर कुत्रा असतोच. दत्ताच्या पायाशी चार. मी स्वतः बाब्याच्या वाढदिवसाला केक आणते. पण कुत्र्यावर प्रेम आहे म्हणून त्याला कुठेही जाऊ द्यायचं, आणि तो रानात शिरला की "बघा, कसा रमला" म्हणून शूटिंग करायचं, हे मला पटत नाही. माळावर सोडून दिलेला कुत्रा असो की वाळवंटात हरवलेला, तो माणसाचा पसारा आहे. पसारा माणसानेच आवरायचा. हेंडरसनच्या त्या स्वयंसेवकांनी तो आवरला आणि त्याबद्दल शिव्याही खाल्ल्या.

परवाच्या व्हिडिओनंतर मी अण्णांना फोन केला. ते अजून गावीच असतात. त्यांना ग्रुपवरचं काही बघायचं नसतं, म्हणून तोंडीच सांगितलं. ते म्हणाले, "ह्यात काय नवल? आपल्या पोल्ट्रीमागं ये की बघायला." पोल्ट्रीवाले मेलेल्या कोंबड्या माळावर फेकतात. तिथे रात्री गावची कुत्री असतात आणि लांडगेही. "दोघं शेजारी शेजारी खात्यात, भांडणबी न्हाई. पंगतीला बसल्यागत." मी विचारलं, पिवळा कुणी दिसतो का त्यात? जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एक हाय. करड्या रंगाचा न्हाई, वाळक्या गवताचा. लांडगा म्हणावा तर बुजत न्हाई."

म्हटलं, फोटो काढा. काल रात्री त्यांनी पाठवला. टॉर्चच्या उजेडात काढलेला, हललेला. कोंबड्यांच्या पिसांच्या ढिगावर तीन जनावरं, दोघांचे डोळे चमकतायत, तिसऱ्याने तोंड वळवलंय. मी किती वेळ झूम करून बघत होते, शेपूट खाली आहे की वर वळलेली. कळेना. अण्णा म्हणाले, उद्या दिवे लागायच्या आत जाऊन परत काढतो.